शेजारचा आवाज भिंत किती अडवते? घरच्या घरी मोजायची रीत

शेजारच्या फ्लॅटमधली मालिका आपल्या बेडरूममध्ये ऐकू यायला लागली की बहुतेक जण थेट खर्चावर येतात. कुणी भिंतीवर फोमचे तुकडे चिकटवतं, कुणी जाड वॉलपेपर लावून घेतं, कुणी भिंतभर कपाट करून टाकतं. महिन्याभराने पाहावं तर आवाज जवळपास तेवढाच येत असतो. भिंत मुळात किती आवाज अडवतेय आणि तो नक्की कोणत्या वाटेने येतोय, हे कुणी मोजलेलंच नसतं.

मोजणं फार अवघड नाही. एक दणकट स्पीकर, एक फोन किंवा साउंड लेव्हल मीटर, टेप, वही आणि शेजाऱ्यांची तयारी एवढ्यावर अर्ध्या दिवसात काम होतं. हाती येणारा आकडा प्रयोगशाळेच्या तोडीचा नसेल, पण भिंत बरी आहे, तिला भोकं आहेत की दोष भलतीकडेच आहे, हे सांगण्याइतका तो भरवशाचा असतो. पैसे खर्च करायच्या आधी एवढं कळायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

पुढची सगळी रीत आपल्याकडच्या इमारतीतल्या दोन फ्लॅटांमधल्या सामाईक भिंतीसाठी आहे.

आधी हे समजून घ्या: मोजायचा आहे तो फरक

रात्री शेजारचा टीव्ही लागला की लोक फोनवर ॲप उघडतात, ३८ डेसिबल दिसतं, आणि त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर जातो. या ३८ वरून भिंतीबद्दल काहीच कळत नाही. पलीकडे टीव्ही ६० डेसिबलवर असेल तर भिंत २२ डेसिबलच अडवतेय, म्हणजे फारच वाईट. पलीकडे ८५ डेसिबलचा गोंगाट असेल तर भिंत ४७ अडवतेय, आणि मग बोलायला हवं ते शेजाऱ्यांशी, बिल्डरशी नव्हे.

म्हणून भिंत मोजायची म्हणजे एकाच आवाजाची पातळी दोन्ही खोल्यांत मोजायची आणि वजाबाकी करायची. स्पीकर ठेवतो ती ‘स्पीकरची खोली’, ऐकतो ती ‘आपली खोली’. या वजाबाकीचा एक मोठा फायदा आहे. तुमचा फोन सगळीकडे ४ डेसिबल जास्त दाखवत असेल तरी दोन्ही खोल्यांत तेच ४ जास्त येतात आणि वजा होताना निघून जातात. दोन्हीकडे एकच फोन वापरायचा, ही अट मात्र मोडायची नाही. तुमच्या फोनने इकडे आणि काकांच्या फोनने तिकडे मोजलं तर तो आकडा निरर्थक.

दुसरी गोष्ट. आवाज दोन तऱ्हांनी येतो. बोलणं, टीव्ही, गाणी, बाळाचं रडणं हवेतून भिंतीवर आदळतं आणि भिंत थरथरून पलीकडची हवा हलवते. पण ओट्यावरचा मिक्सर, खलबत्त्यातलं वाटण, फरशीवर ओढलेली खुर्ची, धाडकन लावलेलं कपाटाचं दार हे थेट इमारतीच्या अंगात शिरतं आणि स्लॅब-कॉलममधून लांबवर जातं. इथे सांगितलेली रीत पहिल्या प्रकारासाठी आहे. दुसऱ्या प्रकारासाठी व्यावसायिक लोक ठोके देणारं यंत्र वापरतात. त्यात प्रत्येकी ५०० ग्रॅमचे पाच पोलादी हातोडे ४० मिलिमीटरवरून सेकंदाला एकूण दहा ठोके मारतात. तुमची तक्रार मुख्यतः मिक्सरची असेल तर भिंत कितीही उत्तम निघाली तरी त्रास तसाच राहील. मिक्सरखाली जाड रबरी मॅट टाकून बघणं हाच तिथला पहिला प्रयोग.

सामान

सगळ्यात आधी मीटर. आयफोन असेल तर अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेचं साउंड लेव्हल मीटर हे फुकट ॲप घ्या, ते याच कामासाठी नीट तपासलेलं आहे. अँड्रॉइडवर अडचण अशी की प्रत्येक फोनचा माइक वेगळा, आणि काही फोन मोठा आवाज आला की आपोआप माइक दाबतात. तसं झालं तर वजाबाकीचा सगळा फायदाच जातो. फोनची ही खोड पकडायला एक सोपी चाचणी आहे. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पिंक नॉइज तयार करा. हा धबधब्यासारखा सलग आवाज असतो आणि त्यात खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यांत, म्हणजे जाड ते बारीक आवाजाच्या सगळ्या टप्प्यांत, सारखी ऊर्जा असते. त्याचे वीस-वीस सेकंदांचे चार तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा बरोबर १० डेसिबलने खाली आणा. फोन स्पीकरपासून मीटरभर अंतरावर स्थिर ठेवून फाइल वाजवा. ॲपवर ९०, ८०, ७०, ६० असे दहा-दहाचे टप्पे दिसले तर फोन चालेल. ९० नंतर ८४, मग ७९ असं काही दिसलं तर तो फोन या कामाचा नाही. दुसऱ्या कुणाचा मागून घ्या.

क्लास २ चा साउंड लेव्हल मीटर मिळाला तर उत्तमच (क्लास म्हणजे अचूकतेची श्रेणी, क्लास १ त्याहून अचूक). त्याच्याबरोबर ९४ डेसिबल, १००० हर्ट्झचा कॅलिब्रेटर मिळाला तर मोजणीच्या आधी आणि नंतर तपासून घ्या. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना माझी शिफारस आहे यूएसबी मोजमाप-माइक, उदाहरणार्थ यूमिक-१, आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर. त्यात आवाज पट्ट्यापट्ट्याने वेगळा दिसतो आणि खोली किती घुमते तेही मोजता येतं. पुढे आकडेमोडीत याचा फार उपयोग होतो.

स्पीकर छोटा खिशातला नको. सामाईक भिंत ४५ डेसिबल अडवते असं धरा. आपल्या खोलीत पंखे बंद करूनही रस्त्याचा ३५ डेसिबल आवाज आहे. पलीकडून येणारा आवाज त्यापेक्षा निदान १० डेसिबलने वर, म्हणजे ४५ वर हवा. मग स्पीकरच्या खोलीत ९० तरी लागणार. वाढदिवसाला आणतात तसा पार्टी स्पीकर चालतो. गणपतीत गच्चीवर लावतात तो कुणाकडे असेल तर आणखी बरं.

९० डेसिबल कानाला त्रासदायक असतं. नायॉशची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला फक्त एक तास. औषधाच्या दुकानात मिळणारे इअरप्लग आणून ठेवा. लहान मुलं, आजी-आजोबा आणि पाळीव प्राणी तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर.

शेजाऱ्यांशी बोलणं

हे बोलणं जमलं नाही तर पुढचं काहीच होत नाही. तक्रारीच्या सुरात गेलात तर दार लागेल. “काका, तुमच्याबद्दल काही म्हणणं नाही. बिल्डरने मधली भिंत कशी बांधलीय ते तपासायचंय. आमच्या पोराची तबल्याची प्रॅक्टिस तुमच्याकडे किती येते तेही कळेल,” असं म्हटलं की बहुतेक लोक तयार होतात, आणि ते खरंही आहे, कारण भिंत दोघांचीच असते. सेक्रेटरींना आणि वरच्या-खालच्या मजल्यांनाही आधी कळवा.

वेळ ठरवताना दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. शांतता रात्री मिळते, पण ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ आहे आणि त्यात असा आवाज करणं योग्यही नाही. दुपारी २ ते ४ बऱ्याच सोसायट्यांत ड्रिलिंगसुद्धा चालत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी ११ ते १ बरा: शाळा-ऑफिसची गर्दी ओसरलेली असते आणि कुकरच्या शिट्ट्या सुरू झालेल्या नसतात. पाण्याचा पंप कधी चालतो ते वॉचमनला विचारून ठेवा. पाऊस पडत असताना मोजू नका, पत्र्याच्या वेदर शेडवरचा आवाज सगळं बिघडवतो.

मोजणी, पायरीपायरीने

१. दोन्ही खोल्यांचा कच्चा नकाशा काढा. लांबी, रुंदी, उंची, सामाईक भिंतीचं क्षेत्रफळ. स्विचबोर्ड, एसीच्या पाइपचं भोक, कपाटं, खिडक्या कुठे आहेत ते खुणा करून दाखवा. खोल्या लहान-मोठ्या असतील तर स्पीकर मोठ्या खोलीत ठेवायचा. दोन्हीकडच्या खिडक्या आणि दारं बंद, पंखे-एसी बंद, जवळचा फ्रिजसुद्धा तेवढा वेळ बंद. तो नंतर आठवणीने चालू करा.

२. स्पीकर सामाईक भिंतीपासून लांबच्या कोपऱ्यात, तोंड कोपऱ्याकडे करून ठेवा. विचित्र वाटतं, पण आवाज भिंतीवर थेट मारायचा नाही, तो खोलीभर पसरायला हवा. स्पीकरखाली दुमडलेली गोधडी किंवा जुनी गादी टाका, म्हणजे त्याची थरथर फरशीतून आपल्या खोलीत जाणार नाही. व्यावसायिक लोक बारा तोंडांचा, सगळीकडे सारखा आवाज फेकणारा स्पीकर वापरतात. आपल्याकडे तो नसतो, म्हणून कोपरा.

३. आपल्या खोलीत स्पीकर बंद असतानाची शांतता ३० सेकंद मोजा. हा पार्श्वभूमीचा आकडा. ॲपवर क्षणाक्षणाला नाचणारा आकडा लिहायचा नाही. पूर्ण वेळेची सरासरी दाखवणारा ‘एलईक्यू’ लिहायचा.

४. पिंक नॉइज सुरू करा. आवाज ठरला की स्पीकरच्या बटणाला मोजणी संपेपर्यंत हात लावायचा नाही, ब्लूटूथवरच्या फोनचा व्हॉल्यूमही तसाच. आधी स्पीकरच्या खोलीत मोजा, मग आपल्या.

प्रत्येक खोलीत निदान पाच जागी मोजायचं. आयएसओ १६२८३ या मानकात त्यासाठी अंतरं दिली आहेत: भिंती, छत, फरशी यांपासून अर्धा मीटर लांब, दोन जागांमध्ये किमान ७० सेंटिमीटर, स्पीकरपासून निदान एक मीटर. ही अंतरं पाळण्याचं कारण आहे. सव्वातीन-साडेतीन मीटरच्या खोलीत ५० हर्ट्झच्या आसपासचा घुमणारा सूर भिंतींमध्ये अडकून उभा राहतो. कोपऱ्यात तो जोरात, खोलीच्या मधोमध जवळपास गायब. जाड आवाजाच्या पट्ट्यात फूटभर सरकलं तरी आकडा बराच हलतो. एकाच जागी मोजून ‘भिंत ५२ ची आहे’ असं ठोकून देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

पाच जागांऐवजी आयएसओ १००५२ ची सोपी रीतही आहे. मीटर हात लांब करून धरायचा आणि खोलीत संथपणे आठाच्या आकड्यासारखा फिरवत साधारण ३० सेकंद सरासरी घ्यायची. कपडे सळसळू द्यायचे नाहीत, बोलायचं नाही. नवख्याला हेच जास्त सोपं जातं.

५. स्पीकर दुसऱ्या कोपऱ्यात हलवा आणि पायरी ४ पुन्हा करा. वजाबाकी स्पीकरच्या प्रत्येक जागेची वेगळी करून मग सरासरी काढायची. दोन जागांच्या फरकात ३ डेसिबलपेक्षा जास्त तफावत आली तर काहीतरी चुकतंय: खिडकीची फट, मध्येच आलेली रिक्षा, सरकलेला व्हॉल्यूम.

६. स्पीकर बंद करून पार्श्वभूमी पुन्हा मोजा. पहिल्यापेक्षा फार वाढली असेल तर मधली मोजणी टाकून द्या.

पाच जागांची सरासरी काढताना एक लक्षात ठेवा. डेसिबलची साधी सरासरी चालत नाही. ९० आणि ८४ यांची साधी सरासरी ८७, पण ऊर्जेची सरासरी ८८ येते. एक्सेलमध्ये प्रत्येक आकड्याला १० ने भागून १० चा घात करा, त्यांची सरासरी काढा, तिचा लॉग घेऊन १० ने गुणा. आकडे दोन-तीन डेसिबलांच्या आतच असतील तर साध्या सरासरीने फारसं बिघडत नाही.

पार्श्वभूमीची वजावट

आपल्या खोलीत मोजलेल्या आकड्यात पलीकडचा आवाज आणि रस्ता दोन्ही मिसळलेले असतात. स्पीकर चालू आणि बंद असतानाच्या आकड्यांत फरक १० डेसिबलपेक्षा जास्त असेल तर रस्ता विसरा. ६ ते १० च्या मध्ये असेल तर वजावट करायची, तीही ऊर्जेची. उदाहरणार्थ स्पीकर चालू असताना ४८ आणि बंद असताना ४१ आले. फरक ७. अशा वेळी साधारण १ डेसिबल कमी करायचा, म्हणजे पलीकडून येणारा खरा आवाज ४७. फरक ६ किंवा त्याहून कमी असेल तर १.३ डेसिबल कमी करा आणि समोर लिहा की भिंत ‘निदान एवढी’ आहे, जास्तही असू शकेल. म्हणजे भिंत चांगली आहे आणि तुमचा स्पीकर कमी पडला, एवढाच त्याचा अर्थ.

खोलीचं घुमणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि ताबा नुकताच मिळालेल्या फ्लॅटमध्ये नेमकी तीच महत्त्वाची असते. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की ती घुमत राहते, कारण फरशी आणि गिलावा आवाज शोषत नाहीत. तोच आवाज गादी, पडदे, कपडे असलेल्या खोलीत लगेच मरतो. भिंतीतून तेवढाच आवाज आला तरी रिकाम्या खोलीत तो साचून जास्त भरतो. म्हणून मोजलेला फरक अर्ध्या सेकंदाच्या घुमण्याशी जुळवून घेतात. सामान असलेली बेडरूम साधारण तेवढीच घुमते.

सूत्र सोपं आहे: जुळवलेला फरक = मोजलेला फरक + १० × लॉग (घुमण्याचा काळ ÷ ०.५). घुमण्याचा काळ म्हणजे आवाज बंद केल्यावर पातळी ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ. पूर्ण ६० ची घसरण घरात मिळत नाही, म्हणून उणे ५ पासून उणे २५ पर्यंतची घसरण बघून वेळ तिप्पट करतात. रूम ईक्यू विझार्ड हे स्वतः काढून देतं. ते नसेल तर मोठा फुगा फोडून रेकॉर्डिंग करा आणि ऑडॅसिटीत घसरण बघा. फुग्यात जाड आवाजाची ताकद कमी असते, त्यामुळे २५० हर्ट्झच्या खाली त्याच्यावर भरवसा नको.

रिकाम्या फ्लॅटमध्ये हा काळ १.५ सेकंद निघाला तर सुधारणा जवळपास ५ डेसिबलची होते. म्हणजे तिथे मोजलेला ४२ हा खरं तर ४७ आहे. ताबा घेताना “भिंती पातळ आहेत” म्हणून भांडण्याआधी ही बेरीज करून बघा.

एक पूर्ण उदाहरण

दोन बेडरूममध्ये साडेचार इंची विटांची, दोन्हीकडून गिलावा केलेली भिंत असेल तर पट्ट्यापट्ट्याने साधारण असं चित्र दिसतं. आकडे रीत समजावी म्हणून घेतले आहेत.

| पट्टा (हर्ट्झ) | स्पीकरची खोली | आपली खोली | फरक | घुमण्याचा काळ (सेकंद) | जुळवलेला फरक |
|---|---|---|---|---|---|
| १२५ | ८८ | ५४ | ३४ | ०.६३ | ३५ |
| २५० | ९२ | ५३ | ३९ | ०.६३ | ४० |
| ५०० | ९३ | ४९ | ४४ | ०.५ | ४४ |
| १००० | ९१ | ४५ | ४६ | ०.५ | ४६ |
| २००० | ८८ | ३८ | ५० | ०.४ | ४९ |

आता या पाच आकड्यांचा एक आकडा करायचा. आयएसओ ७१७ मध्ये त्यासाठी एक ठरलेली रेषा आहे: ३६, ४५, ५२, ५५, ५६. ही रेषा एकेक डेसिबलने खाली सरकवायची. प्रत्येक वेळी आपला आकडा रेषेच्या जेवढा खाली राहतो तेवढीच तूट मोजायची, वर असेल तर शून्य. तुटींची बेरीज १० किंवा त्याहून कमी झाली की थांबायचं. रेषा ४ ने खाली आणली तर ती ३२, ४१, ४८, ५१, ५२ होते. तुटी ०, १, ४, ५, ३, बेरीज १३, जास्त झाली. ५ ने आणली तर ३१, ४०, ४७, ५०, ५१. तुटी ०, ०, ३, ४, २, बेरीज ९. थांबा. या रेषेचा ५०० हर्ट्झवरचा आकडा ४७, आणि तोच भिंतीचा आकडा. अहवालात याला डीएनटीडब्ल्यू म्हणतात.

पट्टे न दाखवणारं ॲप वापरलं असेल तर ‘ए’ वेटिंगवर, म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे जाड आवाज कमी धरणाऱ्या सेटिंगवर, थेट वजाबाकी करा. याच उदाहरणात स्पीकरच्या खोलीत साधारण ९५ आणि आपल्या खोलीत साधारण ५० दिसले असते, फरक ४५. म्हणजे सोप्या रीतीनेही दोन डेसिबलांच्या आत उत्तर येतं. मात्र पिंक नॉइजच वापरायचा. गाणं लावून मोजलं तर त्यातल्या ढोलावर आणि बासवर आकडा हेलकावे खातो.

आकड्याचा अर्थ

३५ च्या आसपास असेल तर शेजारचं साधं बोलणं शब्दांसकट कळतं. ४० ला मोठ्याने बोललेलं कळतं. ४५ ला मोठ्या आवाजातलं बोलणं ऐकू येतं पण शब्द सुटत नाहीत. ५० ला शांत रात्रीही जेमतेम जाणवतं आणि ५५ च्या पुढे साधारण घरगुती आवाजाचा त्रास राहत नाही. हे अर्थात आपल्याकडच्या शांततेवर अवलंबून आहे. रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये ४५ ची भिंत चालून जाते, कारण रस्ताच शेजाऱ्याला झाकतो. आतल्या बाजूच्या शांत बेडरूममध्ये तीच भिंत टोचते. खिडकीला दुहेरी काच लावल्यावर शेजारी जास्त ऐकू येऊ लागले असं लोक म्हणतात ते याच कारणाने.

बाहेरच्या देशांची तुलना करायची तर इंग्लंडमध्ये नव्या घरांच्या मधल्या भिंतीला बांधल्यानंतर प्रत्यक्ष मोजून ४५ लागतात, पण त्यात जाड आवाजाची कपात आधीच धरलेली असते, त्यामुळे तो आपल्या ४५ पेक्षा कडक आहे. अमेरिकेच्या इमारत संहितेत प्रयोगशाळेतले ५० किंवा जागेवर मोजलेले ४५. जर्मनीच्या डीआयएन ४१०९ मध्ये फ्लॅटमधल्या भिंतीला ५३. या सगळ्यांची मोजायची तऱ्हा थोडी थोडी वेगळी आहे, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याशी थेट भिडवू नका. आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ८ मध्ये ध्वनिरोधनावर स्वतंत्र विभाग आहे. पण ही संहिता शिफारशीच्या स्वरूपाची असते आणि स्थानिक नियमावलीत घेतली तरच बंधनकारक होते.

भिंत कशाची आहे यावरून काय अपेक्षित हेही कळतं. आवाज अडवण्यात वजनाला पर्याय नाही: वजन दुप्पट झालं की कागदावर ६ डेसिबल वाढतात, प्रत्यक्षात थोडे कमी. साडेचार इंची विटांच्या भिंतीचं गिलाव्यासह वजन चौरस मीटरला २५०-२७० किलो भरतं. चार इंची सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची, भिंत गिलाव्यासह त्याच्या निम्म्याहूनही कमी. कागदावर दोघींत सात-आठ डेसिबलांचा फरक पडतो. हलका ब्लॉक इमारतीचं ओझं कमी करतो, घर थंड ठेवतो, पण दोन घरांमधल्या भिंतीसाठी तो पातळ वापरणं मला चुकीचं वाटतं.

आकडा कमी आला तर गळती शोधा

अपेक्षेपेक्षा पाच-सात डेसिबल कमी आले तर भिंत फोडायच्या गोष्टी करू नका. भोक शोधा. १० चौरस मीटरच्या भिंतीत फक्त १० चौरस सेंटिमीटरची आरपार फट असेल, म्हणजे आगपेटीच्या झाकणाएवढीही नाही, तरी ५० डेसिबलची भिंत ४० वर येते.

स्पीकर चालू ठेवून, कानात प्लग न घालता, आपल्या खोलीत सामाईक भिंतीच्या कडेकडेने फोनचा माइक पाच सेंटिमीटरवर धरून हळूहळू फिरवा. ॲप आता क्षणाचा आकडा दाखवणाऱ्या ‘फास्ट’वर ठेवा. साध्या गिलाव्यावर आकडा जवळपास स्थिर राहतो. स्विचबोर्डजवळ तो एकदम चार-सहा डेसिबलने उडी मारतो आणि आवाजाचा पोतही बदलतो: भिंतीतून येणारा बसका, दबका असतो, भोकातून येणारा ‘स्स्स’ असा खरखरीत. एकदा हा फरक कानाला कळला की मीटरची गरजही फारशी लागत नाही. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप मिळाला तर त्याचं टोक काढून नुसती नळी फटीजवळ न्या.

कुठे शोधायचं तर सगळ्यात आधी पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड आणि त्यांना जोडणारे कन्सील पाइप. मग एसीच्या तांब्याच्या नळीचं भोक. मग भिंत आणि वरच्या बीमचा सांधा. ब्लॉकची भिंत वर टेकवताना मिस्त्री शेवटची फट मसाल्याने नीट भरत नाहीत आणि फॉल्स सीलिंगमुळे ती वर्षानुवर्षं दिसतही नाही. दोन्हीकडे भिंतीतली कपाटं असतील तर त्यांच्या मागे भिंत किती उरली आहे ते विचारा.

भिंतीवर कुठेच उडी दिसली नाही आणि तरी आकडा कमी आहे, तर वाट वळसा घालून येतेय. शेजारी-शेजारी उघडणाऱ्या खिडक्या, संडास-बाथरूमचा डक्ट आणि त्यातल्या जाळ्या, समोरासमोरची मुख्य दारं यांच्याजवळ मीटर न्या. एकेक वाट तात्पुरती बंद करून पुन्हा मोजा: डक्टच्या जाळीवर उशी दाबून धरा, दाराखाली ओला टॉवेल सरकवा. फरक दोन डेसिबलनेही वाढला तर ती वाट खरी. काहीच हललं नाही तर आवाज स्लॅब आणि बाहेरच्या भिंतीतून येतोय, आणि मग मधल्या भिंतीवर केलेला कुठलाही खर्च वाया जाणार.

फटी भरायला न सुकणारं ॲकॉस्टिक सीलंट किंवा सिलिकॉन वापरा. मोठ्या भोकात आधी मसाला. नुसता स्प्रे फोम भरून वरून पुट्टी मारणं पुरत नाही, तो हलका असतो. फटी भरूनही भिंतच कमी पडत असेल तर तिला न टेकता, मध्ये पाच सेंटिमीटरची पोकळी आणि त्यात रॉकवूल ठेवून, जिप्सम बोर्डाचे दोन थर स्वतंत्र सांगाड्यावर उभे करतात. भिंतीवर चिकटवलेला फोम खोलीचं घुमणं कमी करतो. पलीकडचा आवाज अडवायला त्याच्यात वजनच नसतं.

व्यावसायिक मोजणी कधी करून घ्यावी

बिल्डरकडे किंवा महारेरात जायचं ठरवलं असेल तर घरगुती आकडा पुढे करू नका. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातले किंवा कामाच्या दर्जातले दोष दाखवता येतात. पण त्यासाठी क्लास १ मीटर, कॅलिब्रेशनची ताजी प्रमाणपत्रं, एक-तृतीयांश ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे आपल्या तक्त्यातल्या प्रत्येक पट्ट्याचे तीन भाग करून, १०० ते ३१५० हर्ट्झपर्यंतचे सोळा पट्टे आणि आयएसओ १६२८३ चा उल्लेख असलेला सही-शिक्क्याचा अहवाल लागेल. सल्लागार ठरवताना तीन प्रश्न विचारा: घुमण्याचा काळ मोजणार का, पार्श्वभूमी अहवालात लिहिणार का, स्पीकर किती जागी ठेवणार. पहिल्याच प्रश्नाला अडखळला तर दुसरा बघा.

घरगुती मोजणीचा कागद तोवर जपून ठेवा. त्यावर तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, स्पीकरच्या दोन्ही जागा आणि बंद-उघड्या खिडक्यांची नोंद हवी. दुरुस्ती झाल्यावर त्याच जागी, त्याच फोनने, त्याच व्हॉल्यूमवर पुन्हा मोजायचं आहे, आणि मिस्त्रीचे उरलेले पैसे ती दुसरी मोजणी झाल्यावरच द्यायचे.